कॅनडाच्या पीआरसाठी (म्हणजे तिथे कायमचं राहण्याच्या परवान्यासाठी) एक्स्प्रेस एन्ट्रीचा अर्ज: तयारीच्या काळात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आधी एक खुलासा. मी इमिग्रेशनचा सल्लागार नाही, वकीलही नाही. स्वतःचा अर्ज स्वतः भरला, त्यात चुका केल्या, आणि नंतर नातेवाइकांचे, जुन्या सहकाऱ्यांचे, मग त्यांच्या मित्रांचे कागद जेवणाच्या टेबलावर पसरून वाचून द्यायची सवयच लागली. तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून एकदा बसून लिहून काढले. जे आकडे बदलतात त्यांच्यासोबत तारीख दिली आहे. अर्ज भरण्याच्या दिवशी ते कॅनडा सरकारच्या संकेतस्थळावर पडताळून घ्या.

एक्स्प्रेस एन्ट्री म्हणजे नक्की काय? तो व्हिसा आहे का?

नाही. जानेवारी २०१५ पासून सुरू असलेली ही निवडीची पद्धत आहे. तुम्ही ऑनलाइन प्रोफाईल भरता (त्याला पैसे लागत नाहीत), गुण मिळतात आणि तुम्ही 'पूल'मध्ये जाता. सरकार अधूनमधून ड्रॉ काढतं. त्या ड्रॉच्या कट-ऑफच्या वर असलेल्यांना अर्ज करण्याचं आमंत्रण, म्हणजे आयटीए, मिळतं. खरा अर्ज तिथून पुढे सुरू होतो. ज्यांनी अकरावीच्या किंवा इंजिनिअरिंगच्या प्रवेशफेऱ्या पाहिल्या आहेत त्यांना कट-ऑफचा खेळ वेगळा समजावायला नको. फरक इतकाच की इथे आधी आलेल्याला आधी मिळत नाही, आणि वर्षभरात आमंत्रण आलं नाही तर प्रोफाईल आपोआप संपते. मग पुन्हा भरायची.

या पद्धतीत तीन योजना आहेत: फेडरल स्किल्ड वर्कर, कॅनेडियन एक्स्पीरियन्स क्लास आणि फेडरल स्किल्ड ट्रेड्स. कॅनडात कधीच काम न केलेला, भारतातून किंवा आखातातून अर्ज करणारा पांढरपेशा माणूस बहुतेक वेळा पहिल्या योजनेत बसतो. क्युबेक प्रांताचा कारभार मात्र पूर्ण वेगळा आहे. माँट्रियलला राहायचं ठरवलं असेल तर ही वाट तुमची नाही.

६७ गुण हवेत म्हणतात, आणि दुसरीकडे ५०० हवेत असंही ऐकतो. खरं काय?

दोन्ही खरं. ही दोन वेगळी गणितं आहेत आणि लोक त्यांची खिचडी करतात.

पहिलं पात्रतेचं. शंभरपैकी ६७ मिळाले तरच फेडरल स्किल्ड वर्कर योजनेत पाऊल ठेवता येतं. त्यात भाषेला २८, शिक्षणाला २५, अनुभवाला १५, वयाला १२, कॅनडातल्या पक्क्या नोकरीला १० आणि तिथे जुळवून घेण्याच्या क्षमतेला १० गुण आहेत. १८ ते ३५ वयापर्यंत वयाचे पूर्ण १२ मिळतात, पुढे दर वर्षाला एक कमी.

दुसरं स्पर्धेचं, म्हणजे सीआरएस. ते १२०० पैकी असतं. त्यातले ६०० एखाद्या प्रांताने तुमचं नामांकन केलं तरच मिळतात, त्यामुळे आपल्यासारख्यांचा हिशोब बहुतांशी उरलेल्या ६०० मध्येच चालतो. आधी ६७ चं गाळणं, मग सीआरएसची स्पर्धा.

माझे सीआरएस किती होतील? वाढवायचे असतील तर कुठे हात घालू?

भाषेत. बाकी सगळं नंतर. हे मी दर वेळी सांगतो आणि दर वेळी समोरचा विचारतो, "पण अजून एक डिग्री केली तर?"

एक उदाहरण घेऊ. वय २९, अविवाहित, एमई झालेली, तीन वर्षांचा भारतातला अनुभव. आयएल्ट्समध्ये (ही इंग्रजीची परीक्षा) ऐकण्यात ८, वाचन, लेखन आणि बोलण्यात प्रत्येकी ७. कॅनडाच्या भाषामापात याला सीएलबी ९ म्हणतात. तिचा हिशोब असा: वयाचे ११०, शिक्षणाचे १३५, भाषेचे १२४, आणि शिक्षण-भाषा व अनुभव-भाषा या जोड्यांचे मिळून १००. एकूण ४६९.

आता बाकी सगळं तेच ठेवून फक्त लेखनात ७ ऐवजी ६.५ आले असं धरा. भाषेचे गुण १२४ वरून ११६ होतात. आठच गेले, असं वाटतं. पण जोडीचे पूर्ण गुण मिळायला चारही कौशल्यांत सीएलबी ९ लागतं. एकही खाली आलं की ते १०० चे ५० होतात. एकूण ४११. लेखनातल्या अर्ध्या बँडने ५८ गुण नेले. एवढे गुण दुसऱ्या डिग्रीने किंवा अनुभवाच्या आणखी एका वर्षाने भरून येत नाहीत.

म्हणून पहिल्या खेपेला ६.५ आले तर "चालतंय की" म्हणून पुढे जाऊ नका. परीक्षा पुन्हा द्या. मराठी माध्यमातून आलेल्यांचं लेखन अडकतं असं सगळे म्हणतात. माझ्या पाहण्यात इंग्रजी माध्यमवाल्यांचंही तितकंच अडकलं आहे, कारण कामावर आपण सगळेच तीन ओळींची ईमेल लिहितो आणि अडीचशे शब्दांचा निबंध शाळेनंतर कधी लिहिलेलाच नसतो.

वयाकडेही लक्ष ठेवा. अविवाहिताला २० ते २९ या वयात ११०, तिसाव्या वाढदिवशी १०५, पस्तीशीला ७७, चाळिशीला ५० आणि पंचेचाळीसला शून्य. आमंत्रण आल्यावर वाढदिवस आला तर ते गुण कापत नाहीत. आधी आला तर कापतात.

आज भारतात बसून अर्ज करण्यात अर्थ आहे का? खरं सांगा.

खरं सांगायचं तर आधीपेक्षा खूप अवघड झालं आहे. कॅनडाने एकूण पीआरचं लक्ष्य २०२४ च्या ४,८५,००० वरून २०२५ साठी ३,९५,००० वर आणलं. २०२५ मध्ये सर्वांसाठी खुला असा एकही ड्रॉ निघाला नाही. जे निघाले ते कॅनडात काम केलेल्यांचे, प्रांतांनी नामांकन केलेल्यांचे, किंवा ठरावीक वर्गांचे: फ्रेंच येणारे, आरोग्यसेवा, शिक्षण, बांधकाम-तांत्रिक कारागिरी असे. कॅनडातला अनुभव असणाऱ्यांचा कट-ऑफसुद्धा वर्षभर साधारण ५१५ ते ५४५ च्या पट्ट्यात होता. त्यात २५ मार्च २०२५ पासून नोकरीच्या ऑफरचे सीआरएसमधले ५० किंवा २०० गुणही काढून टाकले. ४६९ वाल्या आपल्या एमई मुलीला नुसत्या त्या गुणांवर आमंत्रण आलं नसतं.

पण त्याच वर्षी आरोग्यसेवेच्या वर्गाचा कट-ऑफ मे महिन्यात ५१० आणि ऑगस्टमध्ये ४७० होता. फ्रेंचचा तर मार्चमध्ये ३७९ पर्यंत खाली आला होता. म्हणजे नर्स, फिजिओथेरपिस्ट, शिक्षक, वेल्डर यांनी हे पान नीट वाचावं. सॉफ्टवेअरवाल्यांनीही वाचावं, पण फ्रेंचच्या पुस्तकासोबत. वर्गांची यादी सरकार वेळोवेळी बदलतं. तुमचा पेशा आज यादीत आहे का ते आधी बघा, मग पैसे खर्च करा.

फ्रेंच खरंच शिकावं का?

वय तिशीच्या आत-बाहेर असेल आणि हातात दीड-दोन वर्षं असतील तर हो. चारही कौशल्यांत फ्रेंचचं सातवं माप गाठलं आणि इंग्रजी चांगलं असेल तर ५० जादा गुण, शिवाय दुसऱ्या भाषेचे म्हणून साधारण १२. वरच्या मुलीचे ४६९ तिथे ५३१ होतात, आणि ती फ्रेंचच्या वेगळ्या ड्रॉमध्येही बसते. सातवं माप म्हणजे साधारण बी-२ पातळी. अलियाँस फ्रान्सेज पुण्यातही आहे आणि मुंबईतही. शाळेत दहावीला स्कोअरिंग म्हणून घेतलेलं फ्रेंच मात्र इथे कामाला येत नाही, ते विसरून शून्यापासून सुरुवात करा. परीक्षा टीईएफ कॅनडा किंवा टीसीएफ कॅनडा यांपैकीच हवी. क्लासचं प्रमाणपत्र चालत नाही.

इंग्रजीसाठी कोणती परीक्षा द्यायची?

आयएल्ट्सची जनरल ट्रेनिंग, सेल्पिप जनरल किंवा पीटीई कोअर. आयएल्ट्स अकॅडेमिक आणि पीटीई अकॅडेमिक चालत नाहीत, आणि दर वर्षी कुणीतरी तीच देऊन येतं. घरून संगणकावर देता येणारी परीक्षाही नको. निकाल दोन वर्षं चालतो, आणि तो प्रोफाईल भरताना तसंच अंतिम अर्ज करताना, दोन्ही दिवशी जिवंत असावा लागतो.

डिग्रीचं मूल्यमापन म्हणजे ईसीए. ते कसं करायचं? मला केटी लागली होती...

केटीची काळजी सोडा. तुमची पदवी कॅनडातल्या कोणत्या पदवीच्या बरोबरीची, एवढंच इथे ठरतं. टक्के आणि वर्ग यांचा सीआरएसशी संबंध नाही.

बहुतेक जण वर्ल्ड एज्युकेशन सर्व्हिसेस, म्हणजे बोलीत 'वेस', यांच्याकडे जातात. अल्बर्टाची आयक्यूएएस आणि टोरोंटो विद्यापीठाचा विभाग अशा इतर मान्य संस्थाही आहेत. डॉक्टर आणि फार्मासिस्टांना मात्र त्यांच्या त्यांच्या कॅनेडियन परिषदेकडूनच करून घ्यावं लागतं. अहवाल पाच वर्षं चालतो.

यात वेळ खातं ते आपलं विद्यापीठ. ट्रान्स्क्रिप्ट तुम्ही घरून पाठवायची नसते, विद्यापीठाने थेट पाठवायची असते. मुंबई विद्यापीठ असेल तर कालिना, पुणे असेल तर गणेशखिंड. अर्ज, शुल्क, सगळ्या सत्रांच्या गुणपत्रिकांच्या प्रती आणि मग वाट. आयएल्ट्सचा क्लास लावायच्या आधी ट्रान्स्क्रिप्टचा अर्ज टाकून या. दोन्ही कामं समांतर चालतात आणि ट्रान्स्क्रिप्टचं तुमच्या हातात नसतं.

दोन पदव्या असतील तर दोन्हींचं मूल्यमापन करा. तीन वर्षांच्या बीकॉमवर वेगळा पदव्युत्तर डिप्लोमा असेल तर 'दोन किंवा अधिक शिक्षणक्रम' या खात्यात जादा गुण मिळू शकतात. अविवाहिताला एका पदवीचे १२० मिळतात, दोनांचे १२८, आणि शिवाय जोडीचे गुण दुप्पट. पण अहवालात जे लिहून येईल तेच धरायचं, आपल्या मनाने नाही.

एनओसी कोड कसा निवडायचा? माझ्या पदनामाचा कोडच सापडत नाही.

पदनाम बघूच नका. कॅनडाने प्रत्येक व्यवसायाला पाच आकडी कोड दिला आहे, तोच हा एनओसी (आपलं ना-हरकत प्रमाणपत्र नव्हे). त्यातला दुसरा आकडा त्या कामाची पातळी सांगतो. ०, १, २ किंवा ३ असेल तर तुम्ही पात्र, ४ किंवा ५ असेल तर नाही. सॉफ्टवेअर डेव्हलपर २१२३२, हिशेबनीस आणि ऑडिटर १११००, नोंदणीकृत नर्स ३१३०१, वेल्डर ७२१०६, स्वयंपाकी ६३२००.

आपल्याकडे पदं वाटण्यात कंजुषी नसते. हिंजवडीत दिवसभर कोड लिहिणारा माणूस कागदोपत्री 'असिस्टंट मॅनेजर' असतो. त्याने मॅनेजरचा कोड निवडला तर अधिकारी विचारणार: तुमच्या हाताखाली कोण होतं? बजेट कुणाचं होतं? कोडखालचं वर्णन वाचा. आठवड्याचा बहुतांश वेळ ज्यात जातो ते काम जिथे सापडेल तो तुमचा कोड. आणि ते वर्णन अनुभवपत्रात जसंच्या तसं उतरवू नका, वाचणाऱ्याला ते पाठ असतं.

अनुभवपत्रात काय लागतं? माझ्या कंपनीने रिलीव्हिंग लेटर दिलं आहे, ते चालेल?

नाही चालणार. इथेच बहुतेकांचं घोडं पेंड खातं, म्हणून जरा सविस्तर.

लागतं ते असं: कंपनीच्या लेटरहेडवर, कंपनीचा पत्ता, फोन आणि ईमेल असलेलं, तुमच्या वरिष्ठाच्या किंवा एचआरच्या नाव-पदासह सही केलेलं पत्र. त्यात तुम्ही कोणकोणत्या पदांवर होता, प्रत्येक पदाच्या तारखा, आठवड्याचे तास, वार्षिक पगार आणि सवलती, आणि कामाचं स्वरूप. तास लोक विसरतात. पूर्ण वेळ म्हणजे आठवड्याला किमान ३० तास. पत्रात तासच नसतील तर तुमचं वर्ष भरलं की नाही हे अधिकाऱ्याने कशावरून ठरवायचं? गेल्या दहा वर्षांत, एकाच व्यवसायात, सलग किमान एक वर्षाचा पगारी अनुभव हवा. बिनपगारी इंटर्नशिप धरत नाहीत.

माझ्या पहिल्या कंपनीने मला जे पत्र दिलं होतं ते चार ओळींचं होतं. अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत होते, वर्तणूक चांगली होती, पुढील वाटचालीस शुभेच्छा. कामाचं एक अक्षर नाही. एचआरला फोन केला तर उत्तर आलं, धोरणात बसत नाही. तीनदा ईमेल केले, ती सगळी उत्तरं जपून ठेवली. मग माझ्या त्या वेळच्या टीम लीडने स्टँप पेपरवर प्रतिज्ञापत्र करून दिलं: मी याचा वरिष्ठ होतो, हा हे हे काम करायचा, आठवड्याला इतके तास. सोबत त्यांचं ओळखपत्र, त्यांनी त्याच कंपनीत काम केल्याचा पुरावा, माझं नेमणूकपत्र, पगारवाढीची पत्रं, प्रत्येक वर्षाच्या काही पगारपावत्या, फॉर्म १६ आणि पगार जमा झालेलं बँकेचं स्टेटमेंट. वर एक पानाचं खुलाशाचं पत्र, की कंपनी असं पत्र देत नाही, हे तिचे नकार, आणि म्हणून हे पुरावे. हा गठ्ठा चालला. अधिकाऱ्याने मान्य केलंच पाहिजे असा नियम नाही, पण नुसतं चार ओळींचं पत्र टाकण्यापेक्षा हजारपट बरं.

चूक मात्र माझी झालीच होती, आणि ती तारखेची. नेमणूकपत्रावर १ जुलै, अनुभवपत्रावर ४ जुलै. १ तारखेला शुक्रवार होता आणि मी सोमवारी रुजू झालो, एवढीच गोष्ट. प्रोफाईलमध्ये मी आठवणीने १ तारीख टाकली. माणसाला हा तपशील क्षुल्लक वाटतो. कागद वाचणाऱ्याला दोन कागद दोन गोष्टी सांगताना दिसतात. ते सबमिट करायच्या आदल्या रात्री लक्षात आलं, तारीख दुरुस्त केली आणि खुलाशात दोन ओळी वाढवल्या. तेव्हापासून कुणाचेही कागद हातात आले की मी आधी एक तक्ता करतो: आडव्या ओळीत कागद, उभ्या रकान्यात नाव, जन्मतारीख, रुजू, सोडल्याची तारीख, पद. जिथे जुळत नाही तिथे लाल पेन.

मी स्वतःचा व्यवसाय करतो. अनुभव कसा दाखवू?

फेडरल स्किल्ड वर्करमध्ये परदेशातला स्वयंरोजगार धरतात. पण "मी हे काम करतो" असं स्वतःच स्वतःला लिहून देता येत नाही. व्यवसायाची नोंदणी, जीएसटी, आयकर विवरणपत्रं, सीएचं पत्र आणि ग्राहकांनी लिहून दिलेली पत्रं लागतात, ज्यात काम कोणतं, कधी आणि किती पैशांत हे असेल. वडिलांच्या दुकानात पगार न घेता बसत असाल तर तो अनुभव कागदावर नाहीच असं समजा.

पासपोर्टवर एक नाव, मार्कशीटवर दुसरं. काय करू?

मराठी घरांत हा प्रश्न हमखास. मार्कशीटवर आडनाव आधी, मग स्वतःचं, वडिलांचं, आणि शेवटी आईचं. पासपोर्टवर वडिलांचं नाव कधी आहे, कधी नाही. लग्नानंतर तर बाईचं मधलं नाव आणि आडनाव दोन्ही बदलतं. घरात ठेवलेलं सासरचं पहिलं नाव वेगळंच.

नियम एक: अर्जात सगळीकडे पासपोर्टवरचं नाव, अक्षर-अक्षर तेच. जुनं नाव 'याआधी वापरलेली नावं' या रकान्यात न चुकता लिहा. पुराव्याला लग्नाचा दाखला आणि नाव बदललं असेल तर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्राची प्रत. नुसताच नावांचा क्रम वेगळा असेल तर 'ही एकच व्यक्ती' असं प्रतिज्ञापत्र पुरतं, माझ्या पाहण्यात त्यावर कुणाचा अर्ज अडला नाही. ग्रामपंचायतीचा फक्त मराठीतला दाखला असेल तर प्रमाणित इंग्रजी भाषांतर आणि मूळ प्रत दोन्ही जोडा. भाषांतर स्वतः किंवा घरच्या माणसाने केलेलं चालत नाही.

पैसे किती दाखवावे लागतात? एफडी, सोनं, गावची जमीन चालते का?

जुलै २०२५ मध्ये जाहीर झालेले आकडे, कॅनेडियन डॉलरमध्ये: एका माणसाला १५,२६३, दोघांना १९,००१, तिघांना २३,३६० आणि चौघांना २८,३६२. हे दर वर्षी बदलतात. कुटुंबात नवरा-बायको आणि अवलंबून असलेली मुलं सगळी मोजायची, सोबत येत नसली तरी.

एफडी चालते. सोनं, फ्लॅट, गावची जमीन नाही. जमीन विकून पैसे खात्यात आले असतील तर चालतात, खरेदीखत सोबत लावा. कर्ज काढलेले पैसे चालत नाहीत. वडिलांनी दिले तर बक्षीसपत्र करा आणि त्यांच्या खात्यात ते कुठून आले तेही दाखवा. अर्जाच्या पंधरा दिवस आधी खात्यात अचानक दहा लाख आले की प्रश्न येणारच, कारण बँकेच्या पत्रात गेल्या सहा महिन्यांची सरासरी शिल्लक लिहावी लागते. खातं उघडल्याची तारीख, आजची शिल्लक आणि तुमची देणी, क्रेडिट कार्डासकट, हेही त्याच पत्रात.

शाखेत जाऊन "बॅलन्स सर्टिफिकेट द्या" म्हणालात तर एका ओळीचं छापील पत्र हातात पडेल. त्यापेक्षा हवा तसा मसुदा टाइप करून घेऊन जा आणि मॅनेजरसमोर बसून समजावून सांगा. महिन्याचा पहिला आठवडा टाळा, त्यांना तुमच्याकडे बघायलाही वेळ नसतो.

माझा भाऊ टोरोंटोत आहे. गुण मिळतील ना?

कोणता भाऊ? सख्खा असेल, सावत्र किंवा दत्तक असला तरी, तो अठरा वर्षांवरचा, कॅनडाचा नागरिक किंवा पीआर आणि प्रत्यक्ष तिथे राहणारा असेल तर सीआरएसमध्ये १५ गुण. चुलत, मामे, आते, मावस भावाला आपण भाऊच म्हणतो, कॅनडा म्हणत नाही. त्याचे कुठेच गुण नाहीत. काका, मामा, मावशी, आत्या यांचे सीआरएसमध्ये नाहीत, पण ६७ च्या गणितात ५ मिळतात. सख्ख्या भावासाठी दोघांच्या जन्मदाखल्यांवर आई-वडिलांची नावं सारखी आहेत ना, बघून घ्या.

नवरा-बायकोपैकी मुख्य अर्जदार कोण?

ज्याचे गुण जास्त तो. दोन्ही बाजूंनी हिशोब करा. पुष्कळ घरांत नवरा गृहीत धरला जातो आणि हिशोब केल्यावर बायकोचे तीस गुण जास्त निघतात. जोडीदाराची भाषेची परीक्षा आणि डिग्रीचं मूल्यमापन यांचेही गुण असतात: भाषेचे २० पर्यंत, शिक्षणाचे १० पर्यंत.

अमेरिकेचा व्हिसा एकदा नाकारला होता. सांगावं का?

हो. कोणत्याही देशाचा, कितीही जुना. नाकारलेला व्हिसा अडचण नाही, लपवलेला आहे. चुकीची माहिती दिल्याचं सिद्ध झालं तर पाच वर्षांची बंदी येते. याच कारणाने गेल्या दहा वर्षांचा इतिहासही खंड न पडता लिहायचा. आठ महिने घरी बसला असाल तर 'बेरोजगार' लिहा. लाजायचं कारण नाही, रिकामा महिना जास्त वाईट दिसतो.

आमंत्रण आल्यावर ६० दिवस पुरतात का?

कागद आधी जमवले असतील तर आरामात. नसतील तर नाही.

पोलीस क्लिअरन्स, म्हणजे पीसीसी, पासपोर्ट सेवा केंद्रातून मिळतं. गेल्या दहा वर्षांत ज्या ज्या देशात सलग सहा महिने किंवा जास्त राहिलात तिथलंही लागतं. दुबई, मस्कत, सिंगापूर करून आलेल्यांनी हे आमंत्रणाची वाट न बघता सुरू करावं, कारण सोडून आलेल्या देशाचं पीसीसी तुम्ही तिथून निघाल्यानंतरच्या तारखेचं असलं की चालतं. सध्या राहता त्या देशाचं मात्र अर्जाच्या आधीच्या सहा महिन्यांतलं हवं.

२१ ऑगस्ट २०२५ पासून वैद्यकीय तपासणीही अर्ज पाठवण्याआधीच करावी लागते, तीही कॅनडाने नेमलेल्या डॉक्टरकडेच, नेहमीच्या फॅमिली डॉक्टरांकडे नाही. बायोमेट्रिक्सचं (बोटांचे ठसे आणि फोटो) पत्र अर्जानंतर येतं. केंद्र मुंबईतही आहे, पुण्यातही.

खर्च किती?

३० एप्रिल २०२४ पासूनचे सरकारी दर: प्रत्येक मोठ्या माणसाचे ९५० अधिक ५७५, म्हणजे १,५२५ कॅनेडियन डॉलर. मुलाचे २६०. बायोमेट्रिक्स एकाचे ८५, कुटुंबाचे १७०. नवरा-बायको आणि एक मूल: ३,४८०. दर दोन वर्षांनी हे वाढतात. परीक्षा, ईसीए, वैद्यकीय, भाषांतरं आणि कुरियर वेगळे.

एजंट लावावा का?

साधा अर्ज असेल तर गरज नाही. गुंतागुंत असेल, म्हणजे घटस्फोट आणि मुलांचा ताबा, जुना गुन्हा, आधीचा नकार, तर जरूर लावा. पण पैसे घेऊन हे काम करण्याचा अधिकार फक्त कॅनडाच्या 'कॉलेज'कडे (ही शिक्षणसंस्था नव्हे, इमिग्रेशन सल्लागारांची नियामक संस्था) नोंदलेल्या सल्लागारांना आणि तिथल्या वकिलांसारख्या परवानाधारकांनाच आहे. नोंदणी क्रमांक मागा आणि कॉलेजच्या यादीत स्वतः शोधा. "अर्जात आमचं नाव येणार नाही, तुम्हीच भरल्यासारखं दाखवू" असं कुणी म्हणालं की चहा संपवून उठा. नोकरीची ऑफर विकत देणाऱ्याकडे तर चहाही नको. खात्याचा पासवर्ड स्वतःकडे ठेवा. सही तुमची असते, आणि बंदीही तुमच्यावरच येते.

आई-वडिलांना अर्जात घेता येतं का?

नाही. फक्त जोडीदार आणि बावीस वर्षांखालची अविवाहित मुलं. आई-वडिलांसाठी नंतर सुपर व्हिसा आहे, त्यावर एका वेळी पाच वर्षांपर्यंत राहता येतं.

पीआर मिळाल्यावर लगेच इंजिनिअर किंवा नर्स म्हणून काम करता येईल?

पीआर आणि परवाना वेगळे. ईसीए अहवाल म्हणजे परवाना नव्हे. नर्स, डॉक्टर, शिक्षक, स्वतःला परवानाधारक म्हणवणारा इंजिनिअर, या सगळ्यांना ज्या प्रांतात जाणार तिथल्या संस्थेची नोंदणी लागते. नर्सना माझं सांगणं आहे की ती प्रक्रिया इथूनच सुरू करा, तिला पीआरपेक्षा जास्त वेळ लागलेला मी पाहिला आहे.

अर्ज पाठवला आणि मध्येच घरात बाळ जन्मलं. आता?

अभिनंदन, आणि लगेच कळवा. संकेतस्थळावर वेब फॉर्म आहे. बाळाचं नाव अर्जात जोडलं जातं, त्याचे २६० डॉलर भरायचे, त्याची वैद्यकीय तपासणी होते. न कळवता कॅनडात उतरलात तर पुढे त्या बाळाला प्रायोजित करता येत नाही, इतका हा नियम कडक आहे. नोकरी बदलली, पत्ता बदलला, पासपोर्ट नवा झाला, तेही असंच कळवायचं. बाळाच्या बाबतीत एकच जास्तीचं: बारसं लवकर उरका आणि जन्मदाखल्यावर नाव लावूनच घ्या. महापालिकेचा नाव नसलेला दाखला आधी हातात येतो, आणि पासपोर्टच्या खिडकीवरून परत यावं लागतं.